शिवेच्या अलीकडे लागलेला दिवा

लाखांदुरात त्या काळी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या तरी लोकांच्या ढकलण्यावर चालत. राईस मिलवाल्या गोपाळरावांची पांढरी अँबॅसडर तेवढी कधी कुणाला ढकलावी लागली नाही. याचं श्रेय गोपाळराव स्वतःच्या नशिबाला देत. गाव ते मंगरूला देई, आणि गावाचं बरोबर होतं.

मंगरू त्यांचा ड्रायव्हर. दुसरीपर्यंत शिकलेला, अंगानं काटक, बोलायला कमी. दारू नाही, पत्ते नाहीत, चौकात उभं राहून गप्पा ठोकणं नाही. भंडाऱ्याला भैय्यालाल मिस्त्रीच्या हाताखाली चार वर्षं पाने-पकडी उचलून तो तयार झाला होता. निघताना भैय्यालालनं जे सांगितलं, ते त्यानं गुरुमंत्र घ्यावा तसं घेतलं होतं.

"हे पाह्य मंगरू, मीटरच्या खाली हा तेलाचा लाल दिवा. गाडी चालून राहिली अन् हा लागला, का गाडी बाजूले घ्याची अन् चाबी बंद कराची. मंग गाडीत कलेक्टर बसला असो का मुर्दा असो. माणूस खोटं बोलते, दिवा खोटं बोलत नाई."

या मंत्राचा एकदा प्रत्ययही आला होता. बहात्तर साल असेल. गोपाळरावांची भंडाऱ्याच्या कोर्टात तारीख होती, वकील वाट पाहत होता, आणि अर्ध्या वाटेत दिवा लागला. मंगरूनं गाडी बाजूला घेतली. गोपाळराव मागून ओरडले, शिव्या घातल्या, छत्रीचं टोक त्याच्या पाठीत खुपसलं. मंगरू हलला नाही. खाली वाकून पाहिलं तर तेलाची नळी फाटलेली, इंजिन जवळजवळ कोरडं. तारीख बुडाली, पण महिन्याभरात गोपाळरावांना सगळीकडे एकच गोष्ट सांगताना लोकांनी ऐकलं: "तारीख दुसरी भेटली बाप्पा, इंजन दुसरं भेटलं नसतं. आमच्या मंगरूनं वाचवलं." मिलच्या फाटकावर, लग्नाच्या पंगतीत, आमदार आले तर त्यांच्यापुढे. प्रत्येक वेळी मंगरू बाजूला उभा राहून जमिनीकडे पाही, आणि त्याचे कान लाल होत.

हमालाला, चौकीदाराला, धान उकडणाऱ्या बायांना मालक कधी नावानं बोलावत नसत. मंगरूला आमदारासमोर नावानं बोलावलं. अशा माणसाला मग तुम्ही काही सांगू शकत नाही.

तर असा मंगरू, आणि अशी गाडी. तिची देखभालही तो मंत्र म्हटल्यासारखीच करी. तेल बदललं की पुढचं तेल किती मैलांवर बदलायचं तो आकडा गॅरेजच्या दारावर कोळशानं लिहून ठेवी. हे गणित त्याला मुलीनं शिकवलं होतं. विमला, त्याची एकुलती एक. लहानपणी गाडी धुताना ती बापाच्या मागे फडकं घेऊन फिरे, आणि धुऊन झाली की पुढच्या सीटवर बसून स्टिअरिंग धरी. कोणता काटा कशाचा, कोणता दिवा कशाचा, हे तिला आठवीत जायच्या आत पाठ होतं. "हे पोट्टी डायवर व्हाले पाहिजे होती," मंगरू म्हणे, आणि बायको गिरजाबाई कपाळावर हात मारून घेई.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात विमलाचं लग्न ठरलं. मुलगा आसगावचा, सुखराम. चार एकर धानाची जमीन, अंगावर कर्ज नाही, बाप नत्थूजी शब्दाचा माणूस. घरात सुखरामची विधवा आत्या, बायजाबाई, आणि घर तिच्या शब्दावर चालायचं. सुखराम नाकासमोर चालणारा. इतका, की नाकाच्या उजवी-डावीकडे काय चाललंय ते त्याला कधी कळलंच नाही. पण ते पुढचं.

गॅरेजच्या दारावरच्या त्या आकड्याचं काय झालं होतं, तेही सांगायला पाहिजे. तो आकडा कधीचाच मागे पडला होता. मंगरू गेलं वर्षभर मालकांना सांगत होता, गाडी भंडाऱ्याला टाकू द्या. आधी धानाचा हंगाम आला. मग निवडणूक. मग लगीनसराई, त्यात मान म्हणून याला गाडी दे, त्याला गाडी दे. दोनदा दिवा जागच्या जागी मिणमिणला होता, लागला आणि विझला. तेही मंगरूनं सांगितलं. गोपाळराव म्हणाले, "तुह्या पोरीचं लगन होऊन जाऊ दे मंगरू, मंग टाकू. अन् ऐक, विमला आपल्या गाडीत जाईन सासरी. बैलबंडीत नाई."

हे त्यांनी दहा लोकांत म्हटलं. आता नाही कोण म्हणणार? ड्रायव्हरची पोर मालकाच्या अँबॅसडरमध्ये सासरी जाणार, ही गोष्ट लाखांदुरात आठ दिवस पुरली. मंगरूच्या मनात एक शंका होती, ती गिरजाबाईनं बोलून दाखवली: गाडी चालवणार तर हाच. आणि बाप काही नवरीबरोबर लगेच तिच्या सासरी जात नसतो. त्यावरही गोपाळरावांनीच निकाल दिला. "तो बाप म्हणून थोडाच जाऊन राहिला? डायवर म्हणून जाऊन राहिला." सगळे हसले. मंगरूही हसला.

लग्न संध्याकाळी गोरजावर लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाडाच्या बैलबंड्या उजाडताच पुढे गेल्या आणि दहाच्या सुमाराला गाडी निघाली. मागच्या सीटवर बायजाबाई, मध्ये विमला, पलीकडे सुखराम. पुढच्या सीटवर कापडात बांधलेला देव्हारा आणि पितळेची घागर. आंदणाची बाकीची भांडी डिक्कीत कोंबलेली: गंगाळ, पराती, गुंड, तांब्यांची चवड, सगळ्यांवर गादी.

गाव सुटल्याबरोबर बायजाबाईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "डायवर, एक सांगून ठेवतो. आमच्या घरची नवरी एकदा मांडवातून निघाली का शिवेवर नारळ फुटेपर्यंत थांबत नाई. बंडी असो का मोटार असो. आमची काकी आली तवा नाल्यात बंडी फसली होती. वरीसभरात काका गेला."

"हो जी," मंगरू म्हणाला. तिनं त्याला व्याही म्हटलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. पण त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. डायवर म्हणूनच तो आला होता.

मे महिन्याचं ऊन. दोन्ही बाजूंना कोरड्या बांध्या, धानाची खुंटं, मोहाची झाडं. विमला मघाशी मांडवात रडून रडून थकली होती, आता गप्प होती. तिचा चेहरा मंगरूला आरशात अर्धा दिसे, कपाळावरची हळद आणि मुंडावळ्यांचं एक टोक. त्यानं तिला सांगायला दोन-चार गोष्टी मनाशी जमवल्या होत्या. पण ड्रायव्हर मागच्या सीटवरच्या माणसांशी बोलत नसतो.

आसगावची शीव दीड-दोन मैलांवर राहिली असेल. एका चढावर गाडीनं जरा दम खाल्ला आणि मीटरखाली लाल दिवा लागला.

मिणमिणला नाही. लागला आणि लागलेलाच राहिला.

मंगरूचा पाय आपोआप ॲक्सिलेटरवरून उचलला गेला. गाडीचा वेग पडला तसं बायजाबाईनं पुढे वाकून विचारलं, "काय झालं?"

"तेलाचा दिवा लागला, बाई. जरा पाहा लागते."

"शिवेवर पाहा. दीड मैल तं राहिलं."

"इंजन जळून जाईन."

"डायवर, मी तुले काय सांगितलं होतं?"

सुखराम खिडकीबाहेर पाहत होता. आणि मग जे कुणालाच अपेक्षित नव्हतं ते झालं. नवरी बोलली. डोक्यावरचा पदर तसाच, मान खाली तशीच, पण स्वच्छ आवाजात बोलली.

"बाबा, थांबू नका. चालू द्या."

त्या दिव्याचा अर्थ तिच्याइतका त्या गाडीत दुसऱ्या कुणाला कळत नव्हता. काय जळेल, किती वेळात जळेल, कुणाचं जळेल, सगळं तिला माहीत होतं. आणि माहीत असून ती म्हणत होती. सासरी पाऊल टाकायच्या आधी, आत्यासासूच्या मांडीला मांडी लावून, तिनं बापाकडे एक गोष्ट मागितली. आयुष्यात तिनं फार काही मागितलं नव्हतं.

मंगरूनं आरशात पाहिलं नाही. त्यानं दिव्याकडे पाहिलं. गाडी मोहाच्या एका झाडाखाली घेतली आणि किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं तशी बाहेरची होल्यांची घुमघुम ऐकू आली. बायजाबाई एवढंच म्हणाली, "झालं."

मंगरूनं बोनेट उघडलं, तेल पाहायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून पुन्हा ओढली. तेल काळं होतं, पातळ झालेलं होतं, पण होतं. अर्ध्याच्या वर होतं. कुठे गळती नाही, नळी फाटलेली नाही. दुसरा कुणी असता तर बोनेट आपटून दोन मिनिटांत निघाला असता. पण मंगरूच्या मनात बहात्तर सालची ती फाटकी नळी होती. दिवा लागला म्हणजे कमी आहे. त्यानं ठरवलं, डबा ओतायचा.

तेलाचा डबा डिक्कीत होता. डिक्कीत आंदण होतं.

भर रस्त्यात त्यानं गादी काढली, ती झाडाच्या बुंध्याला टेकवली. गंगाळ काढलं. पराती काढल्या. गुंड काढला. तांब्यांची चवड निसटली आणि तांबे डांबरावरून घरंगळत गेले, ते गोळा करायला नवरदेव बाशिंगासह खाली उतरला. हे चालू असतानाच मागून एस.टी. आली. ड्रायव्हरनं रस्त्यावरची भांडी पाहून गाडी हळू केली, खिडक्याखिडक्यांतून मुंडकी बाहेर आली. कुणीतरी ओरडून विचारलं, "नवरी कोनाची जी?" आणि कुणीतरी आतूनच सांगितलं, "आसगावच्या नत्थूजीची." एस.टी. हॉर्न वाजवून आसगावकडे गेली.

डबा निघाला तो सगळ्यात तळाशी. मंगरूनं तेल ओतलं, इंजिन थंड होऊ दिलं, भांडी पुन्हा रचली. गाडी सुरू केली तसा दिवा विझला. त्याला जे समाधान वाटलं, ते खरं सांगायचं तर आदल्या संध्याकाळी मांडवातही वाटलं नव्हतं. त्यानं पहिल्यांदा आरशात पाहिलं. विमलानं पदर हनुवटीपर्यंत ओढला होता.

शिवेवर वऱ्हाड उभं होतं, वाजंत्री होती, नारळ होता. पण एस.टी. आधी पोचली होती. वाजंत्रीवाले कुणी सांगेल म्हणून वाट पाहत होते आणि कुणीच सांगत नव्हतं. शेवटी नत्थूजीनं स्वतः नारळ फोडला. "मशीन हाय, होते असं," तो म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं. कुणी मान हलवली नाही. बायजाबाई गाडीतून उतरून पायी पुढे निघून गेली.

मंगरू आसगावात पाणीही न पिता परत फिरला, कारण मुलीच्या घरी पाणी प्यायचं नसतं. संध्याकाळी गोपाळरावांना सगळं सांगितलं. गोपाळरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पोरीच्या बिदाईत थांबवली! वा रे मंगरू! इंजन वाचवलं!" दुसऱ्या दिवसापासून मिलच्या फाटकावर बहात्तर सालची गोष्ट जुनी झाली आणि ही नवी सुरू झाली. मंगरू बाजूला उभा राहून जमिनीकडे पाही. कान पुन्हा लाल होत. याची लाज त्याला पुढे आयुष्यभर वाटली. पण तेव्हा वाटली नाही, तेव्हा बरं वाटलं.

पावसाळ्यात नत्थूजीचा एक बैल मेला. बैल म्हातारा होता, दात पडलेले होते, तो कुणाच्याही लग्नाआधी किंवा नंतर मेलाच असता. पण तो नंतर मेला. मग धानाचे पऱ्हे, लावणीसाठी वाढवलेली रोपं, वाहून गेले. साऱ्या शिवाराचे गेले, पण बाकीच्यांच्या घरी नवरीची गाडी थांबली नव्हती. मग बायजाबाई आंघोळीच्या दगडावर घसरून पडली आणि तिच्या कमरेला मार बसला. प्रत्येक वेळी घरात कुणीतरी एवढंच म्हणे, "थांबली होती ना," आणि पुढे काही बोलायची गरज नसे. नत्थूजी सुरुवातीला सुनेची बाजू घेई. दुसऱ्या वर्षी त्याला लकवा मारला आणि जीभ गेली. घरात तिच्या बाजूनं बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

विमला माहेरी आली की यातलं काही सांगत नसे. गिरजाबाईला तिच्या राबून फुटलेल्या हातांवरून कळे. मुलीला जवळ घेऊन निजे आणि सकाळी नवऱ्याशी दोन-दोन दिवस बोलत नसे. एकदा मात्र बोलली. "त्या दिवशी तुमच्यातला बाप कोठी ठेवून आले होते जी? गॅरेजात?" मंगरू म्हणाला, "इंजन जळलं असतं." हे वाक्य त्याला आधार देत होतं. कुणी काही म्हणालं, मनानंच मनाला काही विचारलं, की तो हे वाक्य पुढे करी.

तो आधार लग्नाच्या वर्षीच, दिवाळीच्या सुमाराला, गेला होता, हे गिरजाबाईला माहीत नव्हतं.

कारण लग्नानंतर सहा महिन्यांनी गोपाळरावांनी अखेर गाडी भंडाऱ्याला टाकू दिली होती. भैय्यालाल मिस्त्री आता म्हातारा झाला होता, पण हात चालत होते. त्यानं इंजिनाच्या अंगावरचं तेलाच्या दाबाचं बटण काढलं, हातात उलटंपालटं केलं, बॅटरीच्या तारेला लावून पाहिलं आणि हसला.

"हे बटन गेलं हाय, मंगरू. इंजन गरम झालं का उगाचच दिवा लावते. थंड झालं का इजवते. इंजनाले काही झालं नाई, तेलाले काही नाई. दाब बराबर हाय."

मंगरूनं विचारलं, "कवापासून गेलं असन?"

"सहा महिने, वरीस. तेल नाई बदललं, त्याच्यात कचरा बसला. काहून?"

मंगरूनं सांगितलं. सगळं नाही, दिवा लागला, दोन मैल राहिले असताना गाडी थांबवली, एवढंच. भैय्यालालनं विचारलं, "मंग पट्टीवर तेल किती होतं?"

"अर्ध्याच्या वर."

"अर्ध्याच्या वर होतं तं काहून उभा राहिला? दोन मैल तं जाचेच होते. हळूहळू नेली असती."

"तुमीच म्हनलं होतं. दिवा खोटं बोलत नाई."

भैय्यालालनं कापसाच्या गुंत्यानं हात पुसले. "तवा गाड्या नव्या होत्या ना बाबू," तो म्हणाला, आणि जुनं बटण कोपऱ्यातल्या भंगारात फेकलं.

मंगरूनं हे कुणाला सांगितलं नाही. मालकांना नाही, कारण त्यांची गोष्ट बिघडली असती. गिरजाबाईला तर नाहीच. बायजाबाई शिवेला मानते म्हणून तो मनातून तिला अडाणी म्हणत आला होता. स्वतः एका बिघडलेल्या बटणाला मानत होता, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानंतर त्याला तिला अडाणी म्हणता येईना.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर लाखांदूरची मंडई, म्हणजे तिथली जत्रा, भरली, तेव्हा सुखराम विमलाला घेऊन आला. एस.टी. स्टँडवरच तिची पेटी उतरवून म्हणाला, "चार दिवसांनी येतो." आणि त्याच एस.टी.नं परत गेला. मंडई उठली. पाळणे गेले, मिठाईवाले गेले. चार दिवसांचे चाळीस झाले.

मंगरू आसगावला गेला. या वेळी गाडीनं नाही, एस.टी.नं, आणि बाप म्हणून. नत्थूजी खाटेवर पडून त्याच्याकडे पाहत राहिला, डोळ्यांतून पाणी काढलं, बोलता येत नव्हतं. सुखरामनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. "मी काही म्हनत नाई, मामा," तो म्हणाला. "मायं काही म्हननं नाई." त्याचं कधीच काही म्हणणं नव्हतं.

म्हणणं होतं ते बायजाबाईचं, आणि ती काठी टेकत येऊन समोर बसली. शिवी नाही, आरडाओरडा नाही.

"पोरगी वाईट नाई तुही," ती म्हणाली. "कामाले वाघीन हाय. पन ह्या घराले तिचा पाय नाई सोसला."

"बाई, ते मशीन होतं. दिवा लागला होता. थांबवली नसती तं इंजन जळलं असतं." मंगरू हात जोडून म्हणाला. खोटं होतं, त्याला माहीत होतं, तरी तेच म्हणाला. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"मंग जळू द्याचं होतं," बायजाबाई म्हणाली. "मी तुले तवाच सांगितलं. तुह्या पोरीनंही सांगितलं. इंजन बजारात भेटते. तुह्या मालकाले कमी होतं काय? तुले इंजन मोठं वाटलं, आमाले काहून तुही पोरगी मोठी वाटावी?"

मंगरू तिला शिव्या घालायच्या तयारीनं गेला होता. बाई दुष्ट होती, घर अडाणी होतं, जावई नेभळट होता, हे सगळं खरंच होतं. आणि तिचं बोलणंही खरं होतं. तो उठला, नत्थूजीच्या पायांना हात लावला आणि स्टँडवर येऊन बसला.

पुढं काही झालं नाही. वर्षं गेली. सुखरामनं दुसरं लग्न केलं. गोपाळरावांच्या मुलानं नवी छोटी गाडी आणली आणि तो ती स्वतःच चालवू लागला. अँबॅसडर गोंदियाच्या कुणाला तरी देऊन टाकली. नेणारा म्हणाला, बॉडीत काही राहिलं नाही, पण इंजिन झकास आहे. गोपाळरावांनी मंगरूला मिलच्या फाटकावर बसवलं. तिथं बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या बंड्या पाही. गोष्ट सांगायला आता गोपाळराव फाटकावर येत नसत.

विमला घरी शिलाई मशीन चालवायची. मशीनचं सगळं तिला कळायचं. पट्टा तुटला, सुई अडली, तेल कुठं घालायचं. एका दुपारी मशीनला तेल घालता घालता तिनं सहज विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"बाबा, त्या दिवशी आपन थांबलो नसतो, तं इंजन खरंच जळलं असतं ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मंगरूनं खरं सांगितलं असतं, असं त्याला पुढे वाटत राही. पण ती वर पाहून थांबली होती, तेलाची कुपी हातात धरून, आणि तिला एकच उत्तर हवं होतं. आपलं जे झालं ते कशासाठी तरी झालं, एवढंच तिला ऐकायचं होतं.

"जळलं असतं," मंगरू म्हणाला. "जागेवर."

विमलानं मान हलवली आणि पुन्हा तेल घालू लागली. "मंग काय करनार तुमी तरी," ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि सारी आळी कोपऱ्यावरच्या हातपंपाला लागली. मंगरू सकाळी बादली घेऊन निघाला, तर पंपावर बायांची बोलाचाली चालली होती. कडेच्या भिंतीआड तो थबकला. शेजारची बेबीबाई नंबरावरून भांडता भांडता नको तिथं घसरली होती.

"जाय वं, मले शिकवू नको. तुह्या बापानं मालकाच्या गाडीपायी पोटची पोरगी घरात आनून बसवली, सारा गाव जानते."

एक क्षण पंपाचा दांडा थांबला. मग विमलाचा आवाज आला, तोच, तसाच स्वच्छ.

"माहीत नाई तं बोलू नको बेबीबाई. तेलाचा दिवा लागला होता. थांबवली नसती तं इंजन जागेवर जळलं असतं, मी सोता विचारलं हाय. माह्या बापाले गाडीतलं समजते. तो उगाच थांबनारा मानूस नाई." आणि दांडा पुन्हा खाली-वर होऊ लागला.

मंगरू बादली घेऊन तसाच मागं फिरला आणि घरी आला. चुलीपुढून गिरजाबाईनं रिकाम्या बादलीकडे पाहिलं आणि विचारलं, "पानी कोठी हाय जी?"

"पंप बंद हाय," मंगरू म्हणाला. पंपाचा आवाज घरात ऐकू येत होता.